कान नसलेला चेहरा

गोडादरा, सुरत
१८ जानेवारी २०२४

ती. फुई,

पाया पडते.

तू दिवाळीनंतर पारोळ्याला परत गेलीस आणि घरामागच्या लूमखात्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. तसं काही नसणार. तू असताना आम्ही सगळे हातांनी बोलायचो, म्हणून घर शांत वाटत असेल. फोन तुला ऐकू येत नाही, मोबाईलची बारीक अक्षरं तुला आवडत नाहीत, म्हणून हे पत्र. मलाही बरं वाटतं. आई गेल्यावर आत्या असून तूच मला आणि चेतनदादाला वाढवलंस, तेव्हा तुझ्याशी सावकाश बोलायला हवं.

दुसरीच्या वर्गाला शिकवणं आता माझ्या अंगवळणी पडलंय. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही तू सांगायचीस, 'आमची नूतन घरातली पहिली ग्रॅज्युएट.' तुझं ते वाक्य वर्गात शिरताना रोज आठवतं. पदवीचा काही उपयोग व्हायला हवा, नाहीतर ती नुसती भिंतीवरची तसबीर.

एका मुलीबद्दल विचारायचं आहे. तिचं नाव कमल समज. मागच्या महिन्यापर्यंत बडबडी होती. आता हाक मारली तर वळत नाही. परवा बाकावरच्या पोराने हसून खोडरबर मागितला, तर त्याच्या हाताला कडकडून चावली आणि मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या घरी आईवडिलांचं फार वाजतं असं कळलं. मी ठरवलंय, या मुलीला सोडायचं नाही. रोज मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसते. पण खरं सांगू? ती माझ्याकडे बघते तेव्हा मला भीती वाटते. काचेपलीकडून बघितल्यासारखी बघते.

घरी सगळे मजेत. उत्तरायणला दादाची तारा गच्चीवर पतंग कापला की 'काप्यो छे, काप्यो छे' करत इतकी ओरडली की घसा बसला.

तुझी,
नूतन

•

पारोळा
२ फेब्रुवारी

चि. नूतन बेटा,

पत्र पोचलं. पोस्टमनला चहा पाजला. तो काहीतरी बोलला, मी मान हलवली. काय बोलला देव जाणे.

तुझ्या त्या कमलचं वाचलं. एवढी घाबरू नकोस वं माय. लहान पोरांचं असंच असतं, चार दिवस रुसतात. तारा तुझ्याच वर्गात आहे ना? तिच्याशी त्या पोरीची गट्टी करून दे. आपली तारा दगडालाही बोलतं करील.

आणि न ऐकण्यात वाईट काय आहे? मला बघ. लूमनी माझे कान खाल्ले, पण मी मजेत. खात्यातला मुकादम लालबुंद होऊन शिव्या द्यायचा आणि मी हसायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, भागीरथीला कसली लाजच नाही. घरात चेतन-जयश्रीची जुंपली की मी पाठ फिरवून गहू निवडायला बसायची. तारा माझ्या मांडीत येऊन विचारायची, आजी, तुला भीती नाही वाटत? मी सांगायची, आजीला काही ऐकूच येत नाही, आजी मजेत. ती पोट धरून हसायची.

आठवतं का, मी तिला लूमच्या खुणा शिकवल्या होत्या? मूठ वळून छातीशी ओढली की लूम बंद कर. ती पंख्याला मूठ ओढून दाखवायची, शिट्टी फुंकणाऱ्या कुकरला दाखवायची. कुकर ऐकायचा नाही, मग त्यालाच रागवायची.

तुझ्या पत्राखाली या वेळी तिने माझं तोंड काढलं नाही. नेहमी काढते. विसरली का म्हातारीला?

आशीर्वाद.
भागीरथी

•

सुरत
२० फेब्रुवारी

ती. फुई,

उशीर झाला. शाळेत परीक्षा होत्या.

कमलला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. म्हणजे तिच्या घरच्यांनी नेलं. मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, मुलगी मुद्दाम ऐकत नाही, लाड कमी करा. फुई, त्या दिवशी परत येताना ती माझा हात सोडून रस्त्यात उतरली. मागून रिक्षा भोंगा वाजवत आली. ती वळलीच नाही. रिक्षा तिच्या फ्रॉकला घासून थांबली. रिक्षावाला माझ्यावर ओरडला, 'छोकरीने संभाळो ने, बेन! बहेरी छे के शुं?' कान ठणठणीत असलेल्या मुलीला भोंगा ऐकू येत नाही, तर मग ती ऐकायचं बंद कुठून करते? कोणतं दार लावून घेते?

मी पुस्तकं वाचते आहे. त्यांत लिहिलंय की आईवडील भांडतात तेव्हा मूल बहुतेक वेळा समजतं की हे माझ्यामुळे. कुणी चावरं होतं, कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी फार शहाण्यासारखं वागू लागतं. वाचताना सगळं पटतं. पुस्तक मिटलं की हातात काही उरत नाही.

दादा-वहिनी मजेत. ताराने खाली तुझा चेहरा काढलाय बघ. ती तुला विसरेल का?

नूतन

•

पारोळा
६ मार्च

नूतन,

हा चेहरा ताराने काढलेला नाही.

या चेहऱ्याला कान आहेत. तारा माझे कान कधीच काढत नाही. 'आजीचे कान लूममध्ये पडले,' म्हणते आणि दोन्ही बाजूंना नुसते केस काढते. पत्राखाली हा चेहरा तू काढलास. का काढलास?

मला वाचायला वेळ लागतो, पण मी दोनदा वाचते. तू लिहिलंस, कमल 'समज'. तू लिहिलंस, डॉक्टरकडे नेलं, मग सावरून लिहिलंस, घरच्यांनी नेलं. हात तुझा सोडला. फ्रॉक घासला तेव्हा तूच होतीस.

ती पोर कोणाची आहे? खरं सांग. मला कान नाहीत म्हणून माझ्यापासून लपवणं सोपं आहे असं समजू नकोस. मी रात्रभर बसून आहे. शेजारची मीराबाई विचारते, काय झालं. मी तिला काय सांगू?

लवकर लिही. वाईट असेल तर वाईट लिही.

फुई

•

सुरत
१५ मार्च

ती. फुई,

हो. ती ताराच आहे.

तू हादरशील म्हणून लिहिलं नाही. आणि दुसऱ्या कुणाची पोर म्हणून लिहिलं की मला निदान वाक्यं सुचायची. आपली म्हणून लिहायला बसले की हात चालत नाही.

सगळं सांगते. दादाच्या खात्यात नव्या मशिनी आल्या. एक माणूस आता कितीतरी लूम सांभाळतो. त्यामुळे बरीच माणसं घरी बसली. दादा अजून आहे, पण रोज घाबरून जातो आणि घाबरून परत येतो. त्याला वाटतं सुरत सोडून गावी यावं. वहिनी म्हणते, इथे माझं साड्यांवर टिकल्या चिटकवायचं काम आहे, ताराची शाळा आहे, मी येणार नाही. बोलणं इथून सुरू होतं आणि तुझी आई, माझा बाप, असं कुठेही जातं. दादा तिच्यावर हात उचलत नाही. एकदा उचलला आणि स्वतःच वळून आरशावर मारला. आरशाचे तुकडे वहिनीने टिकल्यांसोबत झाडले. ती त्या दिवशी हसत होती. ते हसणं मला आवडलं नाही.

मी मध्ये पडले तर दादा म्हणतो, 'मास्तरीणबाई, भाषण शाळेत द्या.'

पण सगळ्यांत वाईट एक वाक्य आहे. दर भांडणाच्या शेवटी येतं. दादा म्हणतो, 'तुनी पोर शे, तूच सांभाळ.' वहिनी म्हणते, 'मनी एकलीनी शे का? लई जाय तुन्यासंगे.' तू सांभाळ, नाही तू घेऊन जा. दोघांनाही तसं म्हणायचं नसतं. दुसऱ्याला टोचेल म्हणून म्हणतात. पण तारा दारामागे उभी असते. तिला एवढंच कळतं की दोघं तिला एकमेकांकडे ढकलताहेत.

आधी ती दारामागून मूठ ओढून दाखवायची. मी पाहिलंय. छातीशी घट्ट, परत परत. लूम बंद करा. कुणी तिकडे बघितलं नाही. मीही त्या वेळी दादाला आवरत होते. मग तिने मूठ ओढणं सोडलं. मग बोलणं सोडलं. आता नुसत्या खुणा करते, आणि अंथरूण ओलं करते.

फुई, आता जे लिहिते ते वाचण्याआधी बस.

मागच्या आठवड्यात तारा शाळेतून आल्यावर घरात नव्हती. गल्लीभर शोधलं. कुणीतरी मागच्या लूमखात्याकडे बोट दाखवलं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये एक फट आहे, मोठ्या माणसाला शिरता येत नाही अशी. तिथे खिडकीखाली ती बसली होती, डावा कान पत्र्याला लावून. आत ओळीने लूम चालू. पत्रा असा थरथरत होता की माझा हात झिणझिणला. खिडकीला जाळी नाही. तू सांगायचीस ना, लूममधला धोटा निसटला तर गोळीसारखा येतो? मला तेवढंच दिसत होतं.

आत लूम चालवणारे हिलालभाई होते. ते बाहेर येऊन म्हणाले, 'बेन, ही तर रोज येते. आम्हाला वाटलं, लूम बघायला आवडतं पोरीला.'

मी तिला ओढून काढलं. रागावले नाही. हातांनी विचारलं, इथे का बसतेस? तिने आधी कानाला हात लावला, मग डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं. ती तुझी खूण आहे. मग बोटं मोजल्यासारखी केली आणि भुवया उंचावल्या.

ती विचारत होती, अजून किती दिवसांनी मी आजीसारखी होईन?

तिच्या दप्तरात एक चित्र मिळालं. तिने स्वतःला काढलंय. रिबिनी आहेत, फ्रॉकवर फुलं आहेत. कान नाहीत.

दादा-वहिनीला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर यावरूनच भांडतील, याची भीती वाटते. मी काय करू? शाळेतून तिला स्वतः हाताला धरून आणते, रात्री माझ्याजवळ झोपवते. पण मी अंघोळीला गेले तरी जीव थाऱ्यावर नसतो.

नूतन

•

पारोळा
२३ मार्च

नूतन,

हे पत्र चेतनला आणि जयश्रीला वाचून दाखव. ताराला समोर बसव. तुझं तोंड तिला दिसेल असं.

तारा माय, आजी खोटं बोलली.

आजीला ऐकू येत नाही असं नाही. आजीला एकच गोष्ट ऐकू येते. लूम. मी खातं सोडलं, सुरत सोडलं, तरी ते माझ्या डोक्यात चालूच आहेत. आत्ता लिहिते तेव्हाही चालू आहेत. जेवताना, देवापुढे, झोपेत. त्यांना हँडल नाही. मी किती वेळा मूठ ओढली, बंद होत नाहीत. तू कान लावून बसलीस तर भांडण बंद होणार नाही माय, लूम मात्र आत येतील आणि बाकी सगळं बाहेर राहील.

तुझा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही. तू जन्मलीस तेव्हा माझे कान गेलेले होते. सगळे म्हणतात, गोड आहे. मी तुझ्या गळ्यावर बोट ठेवून तुला 'आजी' म्हणायला लावायची, आठवतं? मला वाटायचं, निदान बोटाला तरी कळू दे.

आणि आजी मजेत नव्हती. पाठ फिरवून गहू निवडायची, कारण समोर बसलं तर तोंडं दिसायची. आवाज नसला की तोंडं फार भयंकर दिसतात. गहू हातातून सांडायचे. तू ते दाणे वेचून द्यायचीस आणि तुला वाटायचं खेळ आहे. मी गावी आले ते, सांगितलं तसं, घर सांभाळायला नाही. मला वाटलं, मी एक तोंड कमी झाले तर त्यांचं भांडण कमी होईल. तसं झालं नाही. म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं. तुझ्यामुळेही नाही.

चेतन, तुला लूमवर मी उभं केलं. पहिला धडा काय दिला होता? समोर कुणाचीही मूठ ओढलेली दिसली की आधी हँडल, मग प्रश्न. कारण कुणाचा तरी हात आत अडकलेला असू शकतो. घरात बोलताना तुझ्या पोरीच्या हाताकडे बघत जा.

जयश्री, तुला मी काही शिकवलेलं नाही, म्हणून तुला सांगायचा हक्कही कमीच. पण तू आणि मी हातांनी इतक्या गप्पा मारल्या आहेत. तुला कळेल.

नूतन, लगेच लिही.

भागीरथी

•

पारोळा
१२ एप्रिल

नूतन,

उत्तर नाही. पोस्टमन रोज लांबून हात हलवतो, नाही म्हणून. आता तो आमच्या गल्लीतून यायचं टाळतो.

काय झालं? पोर बरी आहे का? मीराबाईच्या मुलाच्या मोबाईलवरून चेतनला फोन लावला, तो उचलत नाही म्हणे. मी पिशवी भरून ठेवली आहे. चार ओळी लिही, नाहीतर मी भुसावळ-सुरत गाडीत बसते. स्टेशनं ओळखायला मला कान लागत नाहीत.

फुई

•

सुरत
२० एप्रिल

ती. फुई,

माफ कर. पिशवी रिकामी कर, गाडीत बसू नकोस. का ते शेवटी सांगते.

तुझं पत्र आलं, त्यानंतरच्या रविवारी दुपारी वाचायला बसले. वहिनीने साड्यांचा ढीग बाजूला केला. दादा दाराला टेकून. तारा भिंतीकडे तोंड करून त्या ढिगावर बसलेली, मी तिला माझ्याकडे वळवलं. लूमखात्याच्या फटीचं मी आधी सांगितलं आणि मग तुझं पत्र वाचलं. मला वाटलं, झालं, समजलं दोघांना.

मग दादा म्हणाला, 'तू दिवसभर घरात असतेस. पोर कुठं जाऊन बसते, दिसत नाही तुला?'

वहिनी म्हणाली, 'आणि तुम्हाला दिसतं? लूम दिसतात तुम्हाला, पोर नाही दिसत. घरी आलात की...'

'मी घरी येतो तेव्हा तुझं तोंड चालू असतं!'

फुई, पत्र माझ्या हातात तसंच उघडं होतं आणि त्याच्यावरून सुरू झालं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. रिक्षाच्या वेळीसुद्धा नाही. वाटलं, यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच शिल्लक नाही. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर तो तिसरा आवाज झाला असता.

ताराने मूठ वळली. छातीशी ओढली.

दादा बोलतच होता. बोलता बोलता त्याची नजर तिच्याकडे गेली. तू लिहिलं होतंस म्हणून गेली की सवयीने, त्यालाही सांगता येत नाही. पण शब्द अर्ध्यात तुटला. आणि त्याचा उजवा हात हवेत पुढे गेला. तिथे काहीच नव्हतं फुई. तो नसलेलं हँडल शोधत होता.

वहिनीने ते पाहिलं. तीही थांबली.

मागे लूम तेवढे चालू होते. तारा मूठ तशीच धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, जणू मशीन खरंच बंद झालं का याची खात्री करत होती. मग तिने हळूच मूठ उघडली. वहिनी उठली नाही. बसल्या जागेवरून सरकत सरकत तिच्यापाशी गेली आणि तिच्या एकेका कानावर तोंड टेकवत बसली. दादा बाहेर गेला. संध्याकाळी विटा आणि सिमेंट घेऊन आला आणि हिलालभाईंच्या मदतीने ती फट बुजवली. खिडकीला जाळी लावायला हिलालभाईंनी मालकाकडे शब्द टाकलाय.

भांडण संपलं असं मी लिहिणार नाही. एकदा खोटं चित्र काढून झालं, आता पुरे. गावी जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण मूठ दिसली की थांबायचं, एवढं ठरलंय. ते एकदा मोडलं. त्या रात्री अंथरूण परत ओलं झालं, आणि दादाने सकाळी गोधडी स्वतः धुतली, कुणी न सांगता. 'तुनी पोर' हे वाक्य मात्र त्या रविवारपासून ऐकलं नाही. मी कान देऊन असते.

उशीर झाला तो दुसऱ्या डॉक्टरांच्या तपासणीमुळे. निकाल हातात आल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. दादाही म्हणून फोन उचलत नव्हता. तुझ्या वतीने कुणीतरी विचारणार आणि आपल्याला सांगावं लागणार, याची त्याला धास्ती. डाव्या कानाला थोडं कमी ऐकू येतं. भरून येईल असं ते म्हणतात, पण खात्रीने म्हणत नाहीत. दोन महिन्यांनी परत बोलावलंय. मी रात्री तिच्या डाव्या कुशीला झोपते आणि श्वाससुद्धा मोजून घेते.

आखाजीच्या सणाला वहिनी माहेरी जाईल. आठवड्याने परत येणार, हे तिने ताराला समोर बसवून, तोंडाने आणि हातानेही सांगितलंय. तेवढे दिवस तारा आणि मी तुझ्याकडे. म्हणून म्हटलं, तू गाडीत बसू नकोस. झोका बांधून ठेव. तिचा गळा आणि तुझं बोट, तुम्ही काय ते बघा. ती आता थोडी बोलते, फार हळू.

एक शेवटचं. काल ती ओट्यावर चित्र काढत बसली होती. मी मागे, डाव्या बाजूला उभी राहिले आणि बारीक आवाजात हाक मारली, 'तारा.' ती वळली नाही. परत मारली. नाही. तिसऱ्यांदा मारणार, तेवढ्यात तिने मान वळवली.

मी विचारलं, 'आधी ऐकू नाही आलं का गं?'

'आलं होतं,' ती म्हणाली.

'मग?'

'आधी आवाज बघत होते. भांडणाचा आहे का ते.'

फुई, ही सवय तिला किती दिवस राहील, मला माहीत नाही. म्हणून आता घरात आम्ही तिला मागून हाक मारतच नाही. आधी तिच्यासमोर जातो, आमचं तोंड तिला नीट दिसेल असे उभे राहतो, आणि मग नाव घेतो. तुझ्याशी बोलताना करायचो तसं.

तुझी,
नूतन